मांजराच्या पोटातली जास्तीची शीर

परवा लॅबमध्ये खिडकीजवळच्या टेबलावरून हाक आली, आमच्या मांजरात एक शीर जास्त आहे. मी गेले, वाकून बघितलं तर खरंच होती. त्या मुलीने आतडी एका बाजूला सारली होती, मागचा चरबीचा पडदा चिमट्याने हळूहळू सोलून काढला होता, फार नीट काम केलं होतं तिने. मणक्याच्या पुढ्यात मधोमध लाल महाधमनी, तिच्या उजवीकडे जाड निळी शीर, म्हणजे खालच्या अर्ध्या शरीराचं रक्त हृदयाकडे नेणारी व्हेना केव्हा, ती असणारच, पण डावीकडेसुद्धा तेवढीच जाड दुसरी निळी शीर. दोन्ही पायांकडून सरळ वर आलेल्या, आणि डावी किडनीच्या पातळीला पोचल्यावर महाधमनीच्या पुढून आडवी जाऊन उजवीला मिळालेली. पोरीचा चेहरा पडलेला, तिला वाटलं आपण सोलता सोलता कुठलंतरी काहीतरी फाडलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा लगेच, आमचं नॉर्मल आहे बघा, तुमचा पीस डिफेक्टिव्ह आला, कंपनीला परत पाठवा. म्हटलं थांब, तुझं बघू. त्याच्या मांजराची उजवी मूत्रवाहिनी, म्हणजे किडनीतून ब्लॅडरकडे जाणारी ती बारीक पांढरी नळी, शोधायला लावली. तर ती किडनीतून निघून थोडी खाली आली आणि व्हेना केव्हाच्या मागे गडप, मग आतल्या बाजूने बाहेर येऊन परत पुढे. नॉर्मलवाला गप्प.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात ॲनाटॉमीची लॅब घेते. नर्सिंगला, फिजिओथेरपीला जाणारी मुलं असतात आणि इथे बऱ्याच कॉलेजांत अजून मांजर कापून शिकवतात. मांजरं सप्लाय कंपनीकडून जाड प्लास्टिकच्या पिशवीत येतात, बहुतेक शेल्टरमध्ये युथनाइज केलेली, म्हणजे दयामरण दिलेली. आईला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काशीला सोन्याची किती मांजरं वाहणार आहेस गं तू. अजूनही दर सेमिस्टरला विचारते. मलाही या प्रकाराबद्दल मनात सगळं स्वच्छ आहे असं नाही, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय. आज शिरा.

धमन्यांचं एक बरं असतं, पुस्तकात दाखवल्यात तशा बऱ्यापैकी सापडतात. शिरांच्या बाबतीत पुस्तकातलं चित्र म्हणजे बहुमत, एवढंच. मांजराच्या पोटात ते बहुमत साधारण असं आहे: मागच्या दोन पायांच्या आणि ओटीपोटाच्या शिरा मिळून दोन कॉमन इलियाक शिरा होतात, त्या कमरेच्या शेवटच्या म्हणजे ७व्या मणक्याच्या आसपास एकत्र येतात आणि कॉडल, म्हणजे शेपटीकडची, व्हेना केव्हा सुरू होते. ती महाधमनीच्या उजव्या अंगाने वर जाते, वाटेत कमरेच्या स्नायूंच्या, किडनीच्या, अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या, ॲड्रिनलजवळच्या शिरा घेत घेत लिव्हरमध्ये अर्धीअधिक रुतते, तिथे लिव्हरच्या आखूड आखूड शिरा थेट तिच्यात उघडतात, मग ती डायफ्रॅममधल्या भोकातून छातीत जाऊन हृदयाच्या उजव्या कप्प्यात रिकामी होते. व्हेना केव्हा उजवीकडे असल्यामुळे उजव्या किडनीची शीर आखूड आणि डावीची लांब, महाधमनी ओलांडून येणारी. उजव्या अंडाशयाची शीर सरळ व्हेना केव्हात जाते, डावीची बहुतेक वेळा डाव्या किडनीच्या शिरेत. मुलं विचारतात हे असं तिरपागडं का, एकीची इथे आणि एकीची तिथे. प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर प्रौढ मांजरात नाहीच, ते गर्भात आहे.

गर्भाच्या पोटात सुरुवातीला सगळं डावं-उजवं सारखं असतं. एकामागून एक शिरांच्या तीन जोड्या येतात, पोस्टिरियर कार्डिनल, सबकार्डिनल आणि सुप्राकार्डिनल, त्यांच्यात आडवे जोड तयार होतात, आणि मग हळूहळू डाव्या बाजूचा बराच भाग विरून जातो आणि रक्त उजवीकडे वळतं. म्हणजे आपण जिला एक शीर म्हणतो ती व्हेना केव्हा एका शिरेची नाहीच. लिव्हरमधला भाग व्हिटेलाइन शिरांचा, किडनीच्या वरचा उजव्या सबकार्डिनलचा, किडनीपाशी सबकार्डिनल आणि सुप्राकार्डिनल यांच्या जोडाचा, किडनीच्या खालचा उजव्या सुप्राकार्डिनलचा. डाव्या बाजूचं जे थोडंफार उरलं ते डाव्या किडनीच्या शिरेत सामावलं, म्हणून डावं अंडाशय बिचारं तिच्यातच रक्त सोडतं, त्याच्यासाठी डावीकडे दुसरी मोठी शीर उरलीच नाही.

आता यातलं एखादं पाऊल चुकलं म्हणा किंवा वेगळं पडलं म्हणा. डावी सुप्राकार्डिनल विरलीच नाही तर खिडकीजवळच्या टेबलावरचं मांजर, दोन व्हेना केव्हा. आणि किडनीच्या खालचा भाग सुप्राकार्डिनलऐवजी जुन्या पोस्टिरियर कार्डिनलपासून बनला तर ती शीर मूत्रवाहिनीच्या पुढ्यात असल्यामुळे मूत्रवाहिनी मागे अडकते, म्हणजे आमचा नॉर्मलवाला. आणि हे काही लाखात एक नाही हां! २०१४ मध्ये एक अभ्यास छापून आला, ३०० च्या वर मेलेली मांजरं तपासून, त्यात साधारण एक तृतीयांश मांजरांत निदान एक मूत्रवाहिनी अशी व्हेना केव्हामागून जाणारी निघाली, बहुतेक उजवीच, आणि दोन व्हेना केव्हा शंभरात सातेक मांजरांत. माणसात हीच मागे अडकलेली मूत्रवाहिनी अगदी क्वचित सापडते, आणि सापडली की डॉक्टर लोक केस रिपोर्ट लिहितात. मांजरात तीनातल्या एकाला असेल तर तिला विकृती म्हणायचं की मांजरांची एक सर्रास पद्धत म्हणायचं? मी मुलांना पद्धतच म्हणायला सांगते.

आणि माणसाचं नाव निघालंच आहे तर ही गोष्ट मला सांगायचीच होती. या तीन जोड्यांची थिअरी माणसाच्या गर्भावरून आलेली नाही, ती मांजरावरून आली. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत जॉर्ज हंटिंग्टन नावाचे ॲनाटॉमीचे प्रोफेसर होते (हंटिंग्टन रोगवाले ते नव्हेत, तो वेगळा जॉर्ज हंटिंग्टन) आणि प्रिन्स्टनला चार्ल्स मॅक्लुअर. या दोघांनी मांजराच्या गर्भांचे पातळ पातळ काप करून प्रत्येक कापात शिरा कुठे आहेत ते बघत त्यांचं मॉडेल उभं केलं, कुठल्या वयाच्या गर्भात कुठली शीर जिवंत आहे आणि कुठली जायला लागलीय याचा हिशेब मांडला, आणि १९२० मध्ये भलामोठा पेपर छापला. त्यात सुप्राकार्डिनल शिरांना व्हेना केव्हाच्या बांधणीत त्यांची जागा दिली आणि प्रौढ मांजरात ज्या ज्या वेगळ्या रचना सापडतात त्यांचा अर्थ लावला. त्याच्या आधी १९०७ मध्ये विल्यम डॅराक यांनी ६०५ मांजरांतल्या व्हेना केव्हाच्या रचना नोंदवून ठेवल्या होत्या. सहाशे पाच! मी एका सेमिस्टरची मांजरं बघून दमते. मग १९२५ मध्ये मॅक्लुअर आणि बटलर यांनी तोच आराखडा माणसाला लावला आणि तिथून तो मेडिकलच्या पुस्तकांत गेला तो आजपर्यंत आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आमच्या मावशीच्या मुलाने जो तक्ता रात्रभर जागून पाठ केला तो मुळात मांजराचा. अलीकडे काही संशोधकांनी माणसाचे गर्भ नव्या पद्धतीने बघून म्हटलंय की माणसात हे असं तंतोतंत होत नाही, सुप्राकार्डिनलची भानगड नीट तपासायला पाहिजे. म्हणजे शंभर वर्षं मांजराचा हिशेब माणसाच्या वहीत लिहिला जातोय, आणि मला त्याची गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो, कारण पुस्तकं हे सांगतच नाहीत.

आमच्या डिपार्टमेंटची उत्तरपत्रिकासुद्धा सांगत नाही. प्रॅक्टिकलला पिन टोचलेली असते, डावी गोनॅडल, म्हणजे अंडाशयाची किंवा वृषणाची, शीर कुठे जाते, उत्तर डावी रीनल, म्हणजे किडनीची. आणि पोराच्या समोरच्या मांजरात ती सरळ व्हेना केव्हात गेलेली दिसत असते. जे दिसतं ते लिहिलं तर मार्क जातात. मी देते मार्क, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

बरं, निळ्यावरून पिवळ्याकडे. ही मांजरं ट्रिपल इंजेक्टेड असतात म्हणजे धमन्यांत लाल लेटेक्स, शिरांत निळं आणि पोर्टल शिरेत पिवळं. पिवळं का, हे दर वर्षी कोणीतरी विचारतं आणि तो मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर कळलं की पोर्टल सिस्टिम कळली. निळं लेटेक्स मानेतल्या शिरेतून सोडतात. व्हेना केव्हात झडपा नसतात म्हणून ते उलट्या दिशेने आरामात पोटात उतरतं, पायांत झडपा असतात म्हणून तिथे बऱ्याचदा अर्ध्यातच थांबतं. पण आतड्यांच्या शिरांत ते पोचूच शकत नाही, कारण आतड्यांच्या शिरा व्हेना केव्हाला जोडलेल्याच नाहीत. छोट्या आतड्याची क्रेनियल मेझेंटेरिक, मोठ्या आतड्याकडची कॉडल मेझेंटेरिक, स्प्लीन आणि जठराकडून येणारी स्प्लेनिक, पॅनक्रियाज आणि जठराच्या दुसऱ्या बाजूची गॅस्ट्रोड्युओडिनल, या सगळ्या मिळून पोर्टल शीर होते आणि ती लिव्हरमध्ये जाऊन पुन्हा बारीक बारीक होत संपते. एका टोकाला आतड्यांच्या केशवाहिन्या, दुसऱ्या टोकाला लिव्हरच्या, आणि घट्ट लेटेक्स दोन्हीतून पार होत नाही. म्हणून कंपनीवाले पोटाला छोटी चीर देऊन आतड्याच्या शिरेतून तिसरा रंग वेगळा भरतात.

रक्ताच्या बाजूने बघाल तर हा जकात नाका आहे. आतड्यातून जे काही रक्तात चढलं, अमिनो ॲसिड, साखर, औषधं, बॅक्टेरियांनी केलेला अमोनिया, सगळ्याने आधी लिव्हरच्या नाक्यावर थांबायचं, तपासणी करून घ्यायची, मगच लिव्हरच्या शिरांतून व्हेना केव्हाच्या हायवेला लागायचं. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं साधारण तीन-चतुर्थांश या पोर्टल शिरेतून येतं, धमनीतून उरलेलं. गर्भात मात्र नाका बंदच असतो, आईने सगळं आधीच तपासून पाठवलेलं असतं, म्हणून नाळेतून येणाऱ्या रक्ताला लिव्हर टाळून जायला डक्टस व्हिनोसस नावाचा बायपास असतो, तो पिल्लू जन्मल्यावर काही दिवसांत बंद होतो. कधी तो होत नाही. किंवा लिव्हरच्या बाहेरच पोर्टल शिरेतून नाहीतर तिच्या एखाद्या फांदीतून एक चोररस्ता निघालेला असतो आणि थेट व्हेना केव्हाला मिळतो. लिव्हर चुकवणाऱ्या अशा रस्त्याला शंट म्हणतात, आणि मांजरांत जन्मतः असलेल्या शंटमध्ये हा बाहेरचा एकेरी प्रकारच जास्त. ट्रक नाका चुकवून शहरात घुसतात.

शहर म्हणजे मेंदू. अशी पिल्लं वाढत नाहीत, खाऊन झाल्यावर कधीकधी भ्रमिष्टासारखी करतात, भिंतीला डोकं लावून उभी राहतात, फिट येतात, थोड्या वेळापुरतं त्यांना दिसेनासं होतं. आणि एक खूण मांजरांत फार ठळक असते, तोंडातून लाळेच्या तारा. कुत्र्यांत शंट असला तरी इतकी लाळ सहसा नसते. दुसरी खूण बघायला सुंदर आणि म्हणून फसवी: डोळ्यांची बुबुळं तांब्याच्या रंगाची. काही जातींच्या मांजरांचे डोळे तसेही तांबूस असतात, पण साध्या गल्लीतल्या पिल्लाचे डोळे चकचकीत तांब्याचे, वर लाळ, वर वाढ खुंटलेली, असं दिसलं तर इन्स्टावर फोटो टाकायच्या आधी व्हेटकडे न्या प्लीज. बाइल ॲसिड जेवणाआधी आणि नंतर तपासतात, अमोनिया बघतात, मग सोनोग्राफी किंवा सीटी. आणि न्यूटरिंगनंतर, म्हणजे नसबंदीनंतर, भूल उतरायला एखाद्या पिल्लाला फारच वेळ लागला तर हाही विचार डॉक्टरांच्या डोक्यात असतो.

मांजराला अमोनियाचं वावडंच आहे मुळात. प्रोटीन हेच त्याचं इंधन त्यामुळे अमोनिया सतत तयार होत राहतो, आणि त्याचा युरिया करायला लागणारं आर्जिनिन मांजर स्वतः पुरेसं बनवू शकत नाही, ते खाण्यातून यावं लागतं. १९७८ मध्ये मॉरिस आणि रॉजर्स यांनी दाखवलं की आर्जिनिन नसलेलं खाणं एकदा दिलं तरी मांजराच्या रक्तात काही तासांत अमोनिया चढतो. धडधाकट मांजराची ही कथा, मग ज्याचं रक्त लिव्हरला वळसा घालून जातं त्याचं काय होत असेल. मांजरीला व्हेगन करायला निघालेल्या मैत्रिणींनो, वाचताय ना.

शंटवर ऑपरेशन असतं पण तो एकदम बांधून टाकता येत नाही. इतके महिने लिव्हरकडे रक्तच कमी गेलंय, आतल्या पोर्टलच्या फांद्या बारीक राहिल्यात, सगळं रक्त अचानक तिकडे वळवलं तर दाब वाढून आतडी सुजतात, मांजर दगावू शकतं. म्हणून शिरेभोवती ॲमेरॉइड नावाची छोटी कडी बसवतात. बाहेरून धातूची पट्टी आणि आत केसिन, हो, दुधातलंच केसिन, दाबून घट्ट केलेलं. ते पोटातलं पाणी शोषून आतल्या बाजूला फुगतं, आजूबाजूला व्रण धरतो आणि काही आठवड्यांत शीर हळूहळू मिटते. कोणी खास सेलोफेनची पट्टी गुंडाळतात, तीही व्रण धरवूनच काम करते. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं त्याला सलाम. तरी ऑपरेशननंतर काही मांजरांना फिट येतात, अमोनिया नॉर्मल असूनसुद्धा, त्यामुळे सर्जन आधीच नीट सांगून ठेवतात.

किडनीचं थोडक्यात सांगते कारण ते बघायला फार देखणं आहे. मांजराच्या किडनीवरचं पातळ आवरण सोलायच्या आधी थांबून बघा, पृष्ठभागावर शिरांच्या रेषा पसरलेल्या असतात आणि सगळ्या खोबणीकडे जाऊन मिळतात. कुत्र्याच्या किडनीवर त्या अशा उठून दिसत नाहीत. लेटेक्स नीट भरलं असेल तर करड्या किडनीवर ही निळी नक्षी इतकी स्पष्ट दिसते की आत काय आहे ते कापून बघायचा पोरांना धीर होत नाही. आणि उजव्या किडनीला एकाऐवजी दोन शिरा असणं मांजरांत नेहमीचं आहे. याचा उपयोग कुठे तर ट्रान्सप्लांटमध्ये. इथे कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या व्हेटरनरी कॉलेजात १९८० च्या दशकात मांजरांचं किडनी ट्रान्सप्लांट सुरू झालं, आणि दात्याची डावी किडनी घेणं सर्जन पसंत करतात, कारण डावीची शीर लांब, शिवायला लांबी भरपूर, आणि ती बहुधा एकच.

एवढ्याशा प्राण्यात हे सगळं किती बारीक असतं याचा अंदाज यावा म्हणून, ४ किलोच्या मांजरात एकूण रक्त साधारण पाव लिटर असतं. स्पे, म्हणजे मांजरीची नसबंदी, करताना अंडाशयाची शीर निसटली तर आपल्याला चमचाभर वाटणारं रक्त तिच्यासाठी चमचाभर नसतं. आपल्याकडे भटक्या मांजरींचे कॅम्प घेणारे व्हेट बारक्या चिरेतून बोट घालून हे काम एकापाठोपाठ एक करत राहतात, आणि आत प्रत्येक मांजरीची शीर थोडी वेगळ्या जागी असू शकते. मी लेटेक्स भरलेल्या, न वाहणाऱ्या शिरा शोधते, तेवढ्यातही मला चष्मा लागतो.

तर तुमच्या मांजराच्या सोनोग्राफीत किंवा सीटीत कधी डबल कॉडल व्हेना केव्हा किंवा सर्कमकेव्हल युरेटर (व्हेना केव्हामागून जाणारी तीच मूत्रवाहिनी) असं काही लिहून आलं तर ताबडतोब गुगल करून रडत बसू नका. बहुतेक मांजरं ते घेऊन आयुष्यभर मजेत उंदीर नाहीतर झुरळं मारतात. फक्त रिपोर्ट फेकू नका, व्हॅक्सिनच्या कार्डासोबत ठेवा. मांजरांना युरेटरमध्ये खडे अडकायचा त्रास बराच होतो, उद्या तशी वेळ आली आणि कोणी सर्जन ती नळी शोधायला पोट उघडणार असेल तर ती शिरेच्या पुढे आहे की मागे हे त्याला आधी माहीत असलेलं बरं.